दहा मिनिटांचे कोच

माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुठे सूर चढला तर वाचणाऱ्यानं आश्चर्य करू नये. ज्या माणसाबद्दल लिहिते आहे तो चिडलेला मी कधी पाहिला नाही, त्यामुळे त्याच्या वाट्याचं चिडणंही माझ्याच अंगावर पडलं आहे.

ते आमच्या कॉलेजचे फुटबॉल कोच होते. इथला फुटबॉल म्हणजे बॉल काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी पळणाऱ्याला जमिनीवर पाडायचं. नाव सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही आणि कॉलेजला तर मुळीच आवडणार नाही. मिनेसोटात, आमच्या ईडन प्रेरीच्या घरापासून तासाभराच्या ड्राइव्हवर ते कॉलेज आहे, एवढं पुरे. तिथल्या मीडिया ऑफिसात मी नोकरी करते. नागपूरला असताना एका दैनिकाच्या क्रीडा पानावर कबड्डी आणि खो-खोच्या बातम्या लिहायचे. लग्न होऊन इथे आले, वर्क परमिटची वाट बघत काही वर्षं घरात काढली आणि मग हे काम मिळालं. मंडळाच्या गणपतीत भेटणारे एक काका अजून मला दरवर्षी विचारतात, "अगं, त्या ढकलाढकलीत तुझं काय काम?" काम असं की मॅच संपली की कोचना पत्रकारांसमोर आणून बसवायचं, हातात माईक घेऊन बाजूला उभं राहायचं, कोणी कधी विचारायचं ते ठरवायचं आणि शेवटी "लास्ट क्वेश्चन" असं म्हणायचं. हे सोपं आहे असं मला पहिल्या शनिवारपर्यंत वाटत होतं.

त्या शनिवारी आम्ही जिंकलो होतो. कोच आले. भला थोरला देह, साठी ओलांडलेली, बाहेर नाकाचा शेंडा गोठवणारी थंडी आणि अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. खुर्चीत बसले, खिशातून स्वयंपाकघरातलं टायमर काढलं, अंडी उकडताना लावतात ते, चावी देऊन टिकटिक करणारं. ते माईकशेजारी ठेवलं आणि दहा मिनिटांवर फिरवलं.

कारण आमच्या लीगचा नियम तसा आहे. मॅच संपली, हरा नाहीतर जिंका, कोचनं पत्रकारांसमोर किमान दहा मिनिटं बसायचं. त्यानंतर पत्रकार ज्यांना मागतील अशा दोन खेळाडूंनी येऊन बसायचं. आणि मॅचनंतर तासभर झाला की खेळाडूंना सोडून द्यायचं, कारण ते शेवटी विद्यार्थी आहेत. हे शेवटचं कलम लीगवाले फार अभिमानानं सांगतात. मुलांची किती काळजी! खेळायच्या आधी त्यांची झोप मोजतात, जेवणातलं प्रोटीन मोजतात, आणि हरल्यावर एकोणीस वर्षांच्या पोराला दिव्यांखाली बसवून विचारतात की बाबा रे, तू असा कसा चुकलास.

तर टायमर वाजलं. कोच तेव्हा एका वाक्याच्या मधोमध होते. "आपल्या बचावाबद्दल सांगायचं तर तो..." इतकं म्हणाले आणि घंटा वाजल्याबरोबर उठून निघून गेले. मी माईक धरून तशीच उभी. पत्रकार शांतपणे आपापले लॅपटॉप मिटत होते; मी रुजू झाले तेव्हा सीझन निम्मा झाला होता, त्यांना सवय झाली होती. पुढच्या सोमवारच्या पत्रकार परिषदेत कोच खुर्चीत बसले, टायमर फिरवलं आणि कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, "...बरा होता." मग पुढचा प्रश्न घेतला.

दुसरी खोड म्हणजे पत्रकारांनी प्रश्नच विचारला पाहिजे हा हट्ट. इथल्या क्रीडा पत्रकारांना प्रश्न विचारायची सवय राहिलेली नाही. ते म्हणतात, "कोच, टॉक अबाउट द थर्ड क्वार्टर." कोच म्हणायचे, "ही आज्ञा झाली. प्रश्न असेल तर विचारा." मग त्या माणसाला वाक्याची पुन्हा जुळवाजुळव करावी लागायची. एक पॉडकास्टवाला होता. कधीकाळी स्वतः कुठेतरी खेळलेला, दात पांढरेशुभ्र, फोन तिवईवर लावून कायम पहिल्या रांगेत. त्याला हे कधीच जमलं नाही. तो तीन तीन मिनिटं स्वतःच बोलायचा आणि शेवटी म्हणायचा, "युअर थॉट्स?" कोच टायमरकडे बघून समाधानानं मान हलवायचे. त्याची तीन मिनिटं त्यांच्या दहातून वजा होत होती.

माणूस माणूसघाणा होता असं मात्र कोणी समजू नये. विस्कॉन्सिनमधल्या भावाच्या डेअरीतून ते ताज्या चीजचे तुकडे आणायचे, दाताखाली चुकचुक आवाज करतात ते, आणि पत्रकारांसमोर पुडा फोडून ठेवायचे. खायला या, बसा, फक्त मला बोलायला लावू नका, असा सगळा प्रकार. मला ते 'न्यूजपेपर' म्हणत, कारण पहिल्याच दिवशी मी सांगितलं होतं की मी न्यूजपेपरमध्ये होते. तुमच्याकडे गायी आहेत का, असं एकदा विचारलं. मी म्हटलं, नागपूरला रस्त्याच्या मधोमध बसलेल्या असतात. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि गाड्या काय करतात?" मी म्हटलं, बाजूनं जातात. हे उत्तर त्यांना इतकं आवडलं की पुढे महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते.

आमच्या धंद्यात एक रीत आहे, जिचा उल्लेख कोणी चारचौघांत करत नाही. बातमीपत्रकात कोचच्या तोंडी जी वाक्यं असतात ती कोच बोललेले नसतात, आम्ही ऑफिसात लिहितो आणि त्यांना दाखवून घेतो. मी सुरुवातीला इतरांसारखंच लिहिलं होतं, 'या मुलांच्या कामगिरीनं मी थ्रिल्ड आहे.' कोचनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "न्यूजपेपर, मी आयुष्यात कधी थ्रिल्ड झालेलो नाही. माझ्या लग्नातसुद्धा मी फक्त खूश होतो." तेव्हापासून मी 'कोच खूश आहेत' एवढंच लिहीत गेले. आमच्या ॲथलेटिक डायरेक्टरला, म्हणजे खेळांच्या सगळ्या विभागाच्या वरच्या साहेबाला, ते फार कोरडं वाटायचं. हा साहेब सगळ्या मेलच्या शेवटी 'थँक यू फॉर ऑल यू डू' लिहितो आणि मधल्या मजकुरात आपलं काहीतरी काढून घेतो.

आता टायमर का आलं ते सांगते. मी रुजू व्हायच्या आदल्या सीझनची गोष्ट, ऑफिसातल्यांकडून तुकड्यातुकड्यानं ऐकलेली. एका मुलाच्या हातातून शेवटच्या क्षणी बॉल निसटला आणि मॅच गेली. पत्रकारांनी नियमाप्रमाणे त्यालाच मागितलं. कोचनी नियमाप्रमाणे त्याला आणून बसवलं. पहिलाच प्रश्न आला, "त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं?" मुलानं तोंड उघडलं आणि तो सगळ्यांसमोर रडायला लागला. ती क्लिप कोणीतरी गाणं लावून फिरवली. मुलाच्या गावच्या शाळेपर्यंत पोचली. हिवाळ्याच्या सुट्टीत घरी गेलेला तो मुलगा परत आलाच नाही. कोचनी त्याच्या घरी बऱ्याच चकरा मारल्या म्हणतात. पुढच्या सीझनला आले ते टायमर घेऊन. मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं त्याबद्दल. ते म्हणाले, "मी दाराशी उभा होतो. पिकअपची किल्ली हातात होती. पोराला उचलून घेऊन जाता आलं असतं." त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

आणि मग मागच्या सीझनला तेच पुन्हा आलं. आमच्या टीममध्ये पायानं बॉल मारणारा एकच, किकर. सडपातळ, चष्मेवाला, मृदाशास्त्र शिकणारा, कायम दोन्ही बुटांच्या नाड्या तपासत बसणारा पोरगा. होम ग्राउंडवरची मॅच, समोर जुने वैरी, शेवटची किक. दोन खांबांच्या मधून गेली असती तर जिंकलो असतो. ती बाहेरून गेली. आता तो पॉडकास्टवाला कोणाला मागणार हे मला स्कोअरबोर्ड बदलायच्या आत कळलं. त्यानं मागितलंच. मी कोचना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "पोराला आंघोळ करू दे. आधी माझी पाळी ना?" मी म्हटलं, हो, आधी तुमची. ते म्हणाले, "किमान दहा मिनिटं. कमाल किती?" मी नियम पाठ केलेला होता. म्हटलं, कमालबद्दल काही लिहिलेलं नाही.

ते आत आले, बसले, टायमर फिरवलं. पॉडकास्टवाल्यानं या वेळी चक्क प्रश्न विचारला. त्या पोरावर इतका मोठा भरवसा का टाकला?

कोच म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर माझ्या वडिलांच्या गोठ्यापासून सुरू करावं लागेल."

आणि तो माणूस बोलायला लागला. ज्याच्याकडून एक वाक्य पुरतं करून घेणं मला जमलं नव्हतं, तो वडिलांच्या गोठ्यातल्या गायींची नावं सांगत होता, कोणती कुठे बांधायचे ते सांगत होता. मुरघास कसा दाबतात, कुंपणाला कोणतं लाकूड चालतं. टायमर वाजलं. मागच्या रांगेतले लोक उठायला लागले. कोचनी टायमर उचललं, पुन्हा फिरवलं आणि खाली ठेवलं. लोक परत बसले. मग डोलोरेस नावाच्या गायीची गोष्ट आली. सगळा जन्म गरीब राहिलेली ती गाय, एका सकाळी तिनं लाथ मारली आणि भरलेली बादली सांडली. "माझ्या वडिलांनी तिला काही विचारलं नाही," कोच म्हणाले, "त्यांनी बादली धुतली आणि पुढच्या गायीकडे गेले." तिथून ते वाऱ्यावर आले. स्टेडियमच्या त्या टोकाला वारा कसा फिरतो, पूर्वी तिथे झाडं होती, ती कोणाच्या काळात तोडली. दाराशी उभा असलेला आमचा साहेब मला गळ्यावरून आडवा हात फिरवून दाखवत होता. म्हणजे 'लास्ट क्वेश्चन' म्हण आणि बंद कर. मी त्याच्याकडे बघितलं आणि माईक दुसऱ्या हातात घेतला. चालू असलेलं उत्तर तोडायचा अधिकार मला कोणत्याही कलमानं दिलेला नव्हता, आणि दिलेला असता तरी मी तो त्या दिवशी वापरला नसता.

तास भरला तेव्हा कोच ट्रॅक्टरच्या टायरांवर होते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, टायमर खिशात घातलं आणि म्हणाले, "म्हणून भरवसा टाकला." किकर तोपर्यंत नियमाप्रमाणे घरी गेला होता.

मला वाटलं होतं, निदान कोणीतरी हसेल. कोणाला हसू आलं नाही. जे लोक वर्षानुवर्षं तक्रार करत होते की हा माणूस बोलत नाही, त्यांनी लीगकडे तक्रार केली की हा माणूस बोलला. लीगनं 'माध्यमांचा अवमान' असं म्हटलं. चीज खाताना अवमान झाला नव्हता कोणाचा. सीझन संपल्यावर कॉलेजनं जाहीर केलं की आता 'नव्या दिशेनं' जायचं आहे, आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं की कोचच्या निरोपाचं बातमीपत्रक बनव, त्यांच्या तोंडी दोन छान वाक्यं घाल. मी बाहेर येऊन कोचना फोन लावला. ते तेव्हा सामान खोक्यांत भरत होते. म्हणाले, "लिही, थ्रिल्ड आहे म्हणून." आणि पहिल्यांदाच मी त्यांना मोठ्यानं हसताना ऐकलं.

मी त्यांचं एकही वाक्य न घालता पत्रक पाठवलं. संध्याकाळी वेबसाइटवर पाहिलं तर साहेबांनी स्वतःच घातलं होतं. 'इथे आपण जे उभं केलं त्याबद्दल मी थ्रिल्ड आहे.' एक माणूस घालवायचा तो घालवायचाच, वर त्याच्या तोंडात जन्मात न उच्चारलेला शब्द कोंबायचा. त्या दिवशी घरी येऊन मी इतकी भांडी आपटली की नवरा वर्क कॉल म्यूट करून खाली आला आणि म्हणाला, "यार, तुझी टीम हरलीय की देश?"

उन्हाळ्यात लीगनं नियम सुधारला. मला आशा होती, खरंच होती, की आता तरी म्हणतील, हरल्यावर मुलांना आणू नका. सुधारणा अशी झाली की कोचनं जास्तीत जास्त पंधरा मिनिटं बोलायचं. सगळ्या प्रकरणातून शहाण्यांनी काढलेला धडा हा. पोराला वाचवायची एक फट होती, ती सापडली आणि सिमेंट लावून बुजवली.

नवे कोच आले. तरुण, सूट घालणारे, दर वाक्य कापून टीव्हीवर लावता येईल असं बोलणारे. ते कायम थ्रिल्ड असतात. काल, शनिवारी, त्याच जुन्या वैऱ्यांविरुद्ध, त्याच ग्राउंडवर, त्याच टोकाला आमच्या किकरची किक खांबाला लागून बाहेर आली. पॉडकास्टवाल्यानं त्याला मागितलं. नवे कोच आपली पंधरा मिनिटं नेटकी बोलले, दाराशी उभ्या असलेल्या किकरच्या पाठीवर थाप मारली आणि निघून गेले. पोरगा येऊन खुर्चीत बसला. केस ओले, हात टेबलाखाली. पहिल्या रांगेत फोन तिवईवर चढला. तास भरायला अजून बराच वेळ होता.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी करते. एका दिवाळीला प्रमुख पाहुणे बर्फात अडकले होते आणि ते पोचेपर्यंत मी एकटीनं अख्खं सभागृह धरून ठेवलं होतं. ती दिवाळी लोक विसरायला तयार नाहीत. तेव्हापासून मला माईक देताना कार्यकारिणी घड्याळ दाखवते. आणि लीगच्या नियमात, मी पाठ केलेल्या, असं लिहिलेलं आहे की पत्रकार परिषदेच्या सूत्रसंचालकानं, म्हणजे मी, खेळाडूची यथोचित ओळख करून द्यावी. यथोचित म्हणजे किती, ते लिहिलेलं नाही.

मी माईक तोंडाशी धरला. पॉडकास्टवाल्याचा हात वर होता. मी त्याला म्हटलं, "आधी ओळख."

सुरुवात किकरच्या गावापासून केली. गावातलं धान्याचं कोठार, त्याची उंची, तिथून दिसणारं तळं. त्याची आई शाळेची बस चालवते, तर बसचा मार्ग. मग मृदाशास्त्र या विषयाची थोर परंपरा. मग आपल्याकडे करतात तसे आभार, राहून गेलं असं कोणाला वाटायला नको. गवत कापणारे, दिवे लावणारे, मक्याच्या लाह्या विकणारे, पार्किंगवाले, आपल्या व्यस्त कार्यक्रमातून वेळ काढून आलेले पत्रकार बंधुभगिनी. "वेळेअभावी सगळ्यांची नावं घेता येत नाहीत," असं म्हणून मी सगळ्यांची नावं घेतली. पॉडकास्टवाल्याचा हात खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली गेला. दाराशी साहेबांचा हात गळ्यावरून फिरत होता, या वेळी दोन्ही बाजूंनी. मी मागच्या वर्षीच्या वाऱ्यापर्यंत आले तेव्हा किकरनं हात टेबलावर काढून ठेवले. मी त्याच्या पहिलीच्या बाईंचा उल्लेख केला तेव्हा त्यानं मान खाली घातली, आणि मला भीती वाटली की रडतोय. पण खांदे हलत होते ते हसण्यानं.

तास भरला. मी म्हटलं, "तर असा हा आपला खेळाडू. धन्यवाद." तो उठला आणि गेला, आणि त्याला कोणीही काहीही विचारू शकलं नाही.

साहेबांची मेल मी पार्किंग लॉटमध्ये पोचायच्या आत आली. सोमवारी सकाळी भेटायला या. खाली 'थँक यू' नव्हतं. आता सूत्रसंचालकानं करून द्यायच्या ओळखीवरही कलम येईल, आणि माझ्यासाठी नवी दिशाही शोधतील कदाचित. शोधोत. पुढची फट कोणाला तरी सापडेलच.

गाडीत बसले तेव्हा फोन पुन्हा वाजला. विस्कॉन्सिनहून मेसेज होता. कोच भावाच्या डेअरीत बसून आमचं थेट प्रक्षेपण बघत असतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं, "सगळं ऐकलं. चांगलं झालं. पण न्यूजपेपर, गायी राहिल्या."